चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का? हिब्रू बायबलमधील ‘ईयोब’ काय सांगतो?

चांगले वागा, चांगले होईल, असे सगळेच सांगतात. मग ईयोबाची दहा मुले एकाच दिवशी का दगावली?

‘नीतिसूत्रे’, ‘ईयोब’ आणि ‘उपदेशक’ हे हिब्रू बायबलमधील तीन ग्रंथ ज्ञानसाहित्य म्हणून ओळखले जातात. इजिप्तमधून सुटका, सीनाय पर्वतावरील करार हे बायबलचे मोठे विषय त्यांत जवळपास नाहीतच. देवाने जगाला घालून दिलेली शिस्त इथे शोधली जाते ती मुंगी, शेत, बाजार आणि घर पाहून. हे शहाणपण शेजाऱ्यांकडूनही आले. ‘नीतिसूत्रे’च्या २२ ते २४ अध्यायांतील काही भाग ‘आमेनेमोपेचा उपदेश’ या इजिप्शियन ग्रंथाशी थक्क करणारे साम्य दाखवतो.

‘नीतिसूत्रे’चा हिशेब साधारण सरळ आहे. कष्टाळू तरतो, दुष्ट बुडतो.

४२ अध्यायांचा ‘ईयोब’ नेमका इथेच अडतो. ईयोब निर्दोष आहे, हे वाचकाला सुरुवातीलाच कळते. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात. तेवढेच त्यांचे शहाणपण! मग बोलू लागतात : शिक्षा झाली, म्हणजे गुन्हा असणारच. आजाऱ्याला भेटायला येऊन ‘तुमचंच काही चुकलं असेल’ म्हणणारे नातेवाईक इथे आठवतील.

ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. ३८व्या अध्यायात देव वादळातून बोलतो, पण कारण सांगत नाही. तारे, पाऊस, रानगाढव, शहामृग यांच्याबद्दल उलट प्रश्न विचारतो. स्वर्गात देव आणि ‘सैतान’ यांच्यात काय ठरले होते, हे ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. (हिब्रूत हा ‘सैतान’ म्हणजे नरकाचा राजा नव्हे. ते ‘आरोप करणारा’ या अर्थाचे पदनाम आहे.)

खरा धक्का शेवटी आहे. देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवरच देव रागावतो आणि ईयोब योग्य बोलला, असे सांगतो.

‘उपदेशक’ याहून पुढे जातो. त्यात ‘हेवेल’ हा शब्द ३०हून अधिक वेळा येतो. मराठी बायबलमध्ये तो ‘व्यर्थ’ झाला, मूळ अर्थ मात्र वाफ किंवा श्वास. आहे, पण मुठीत येत नाही.

ईयोबाला अखेर सारे परत मिळते. ७ हजार मेंढरांची १४ हजार होतात. मुलगे पुन्हा सात, मुली तीन. आधीच्या दहा जणांबद्दल ग्रंथ पुढे काहीच बोलत नाही.