तंजावरचा सरस्वती महाल: काय पाहाल?

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याला जोडलेल्या संग्रहालयात निवडक दुर्मीळ वस्तू मांडल्या आहेत. तमिळनाडूतल्या या वास्तूत मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही.

कोणी उभारले?
सुरुवात नायक राजांच्या काळात झाली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतल्यावर संग्रह भोसल्यांकडे आला. त्यात सर्वांत मोठी भर घातली दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८–१८३२). काशीयात्रेला गेले असता त्यांनी तिथूनही पोथ्या मिळवल्या. युरोपीय भाषांतील छापील ग्रंथही ते मागवत; अनेकांवर त्यांची इंग्रजी सही दिसते. ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले ते १९१८ साली.

ताडपत्रे आणि चित्रे
पोथी लिहिताना ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरत आणि वरून काजळी चोळत. काजळी खाचांत बसली की अक्षर उठून दिसे. पानांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवत आणि वर-खाली लाकडी फळ्या लावत. चित्रांसाठी सरफोजींच्या संग्रहातील नेत्ररोग्यांच्या नोंदी आवर्जून पाहाव्यात अशा आहेत. त्यांत आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत.

संगीताची हस्तलिखिते
भोसले राजे स्वतः लिहीत. तंजावरच्या शहाजीराजांनी रागांची लक्षणे नोंदवली, तर तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजींच्या नावावरील ‘कोरव्यांचे साहित्य’ नृत्यासाठी आहे. जयजयपासून मंगळापर्यंत अठरा प्रकारच्या रचनांची ही मालिका. भाषा मराठी, संगीत मात्र कर्नाटकी! हा मेळ इथल्याच दरबारात जमला.

मोडीचे रुमाल
राजवाड्याचे हिशेब, हुकूम आणि पत्रव्यवहार मोडी लिपीत आहे. कोणाला किती वेतन, कशावर किती खर्च, अशा रोजच्या व्यवहारातून दरबार कळतो. रुमालांत बांधलेले हे कागद कपाटांत असतात आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

वाचणार कोण?
संस्कृत पोथ्यांची सूची ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने १८८० साली प्रसिद्ध केली. मोडी दप्तराला मात्र आजही वाचक कमी पडतात. भाषा आपली, अडसर फक्त लिपीचा. तंजावरला जरूर जा. आणि जमले तर आधी मोडी शिकून घ्या.