मधल्या घरातला 'इट'

बँकेत नवा असताना एका परदेशी पाहुण्यापुढे फॉर्म सरकवत मी म्हणालो, 'प्लीज, फिल इन इट.' साहेबांनी हळूच दुरुस्त केले, 'फिल इट इन.' कान तापले. 'फिल इन द फॉर्म' चालते, 'फिल द फॉर्म इन'ही चालते. मग 'इट'नेच काय घोडे मारले? इंग्रजी वाक्याचे टोक सहसा नव्या, वजनदार शब्दासाठी राखलेले. 'इट' पडला आधीच ठाऊक असलेला, हलका. तो मधेच बसतो. आपले 'भरून टाका' एकजीव, म्हणून जीभ अडखळते. पण लगेच हुरळू नका! 'लुक आफ्टर हिम'मध्ये 'हिम' शेवटीच, कारण तिथला 'आफ्टर' क्रियापदाचा नव्हे, 'हिम'चा सोबती. हे उमगेतो निवृत्ती आली. तोवर पत्रांत मी दरवेळी निमूट 'द फॉर्म'च लिहीत होतो.