परतायचं असेल तर परदेशी व्हा

चेन्नईतल्या आमच्या टी. नगरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वयस्क जोडपं राहतं. व्यंकोजीराजांच्या काळात कावेरीकाठी आलेल्या मराठी घराण्यांपैकी एक, घरात अजून तंजावरी मराठी बोलतात. मुलगा न्यू जर्सीत. या घरातली गंमत अशी की काकू भारतीय आहेत आणि काका अमेरिकन. एकाच छताखाली, एकाच गॅसवरचा चहा पिणारी ही दोन माणसं कायद्याच्या लेखी दोन देशांची. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. काका अमेरिकन झाले ते अमेरिकेत राहायचं होतं म्हणून नव्हे, इथे निर्धास्त परत यायचं होतं म्हणून. काकू ग्रीन कार्डावर थांबून भारतीयच राहिल्या, आणि म्हणूनच त्यांना दरवर्षी बॅग भरून अमेरिकेला पळावं लागतं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उलटंच वाटलं होतं. नीट पाहिलं तर कायदा अगदी सुसंगत आहे, आणि त्याची सुसंगती पाहून थक्क व्हायला होतं.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. आपण ‘कायम’ या शब्दाकडे बघतो, कायदा ‘राहण्या’कडे बघतो. तिथे तुम्ही खरोखर राहत असाल तोवरच त्या कार्डाला अर्थ. सलग एक वर्ष बाहेर काढलं तर नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. जास्त दिवस लागणार हे आधीच माहीत असेल तर अमेरिकेत असतानाच ‘री-एंट्री परमिट’चा अर्ज करायचा, त्याची मुदत फार तर दोन वर्षं. बरं, वर्षाच्या आत परतलं की सुटलो, असंही नाही. वर्षातले अकरा महिने टी. नगरात आणि एक महिना मुलाकडे, असं चाललेलं दिसलं की विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, की तुमचं घर नक्की कुठे आहे? मग समोर एक फॉर्म येतो, आय-४०७. त्यावर सही म्हणजे ‘मी कार्ड स्वखुशीने सोडतो’. रात्रभराच्या प्रवासाने शिणलेली कितीतरी म्हातारी माणसं घाबरून सही करून मोकळी होतात. सहीची सक्ती मात्र कुणी करू शकत नाही. नकार दिला तर निवाडा इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातो. इतकं तरी घराघरांत माहीत असायला हवं.

नागरिकत्वाचं गणित याच्या नेमकं उलट. एकदा मिळालं की तुम्ही टी. नगरात बसा, तंजावरला बसा नाहीतर वीस वर्षं अमेरिकेकडे फिरकू नका, ते तुमचंच. परवाना राहण्यावर टिकतो आणि नागरिकत्व न राहण्यावरही टिकतं. म्हणून ज्याला परत यायचंय त्याने तिथला नागरिक व्हावं आणि ज्याला भारतीयच राहायचंय त्याने तिथे ठाण मांडून बसावं, असा हा उफराटा हिशेब.

नागरिक होण्याची वाटही राहण्यातूनच जाते. ग्रीन कार्डावर पाच वर्षं, नागरिकाशी लग्न झालेलं असेल तर तीन. पाचापैकी निदान तीस महिने अंगाने तिथे असायला हवं. मग इंग्रजीची परीक्षा आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा. बरीच वर्षं ती शंभर प्रश्नांच्या यादीतून दहा विचारून घेत, सहा बरोबर आले की पास. २०२५ च्या ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. यात मला सगळ्यात आवडलेली तरतूद म्हाताऱ्यांसाठी आहे. वय पन्नास आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं, किंवा वय पंचावन्न आणि कार्डाला पंधरा वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ. नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा घेऊन आपल्या भाषेत देता येते. म्हणजे एखाद्या आजीबाई अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्त्या किती याचं उत्तर चक्क ‘सत्तावीस’ असं मराठीत देऊन अमेरिकन होऊ शकतात!

शेवटी शपथ. एका सभागृहात शेकडो माणसं उजवा हात वर करून उभी राहतात आणि म्हणतात की याआधी मी ज्या राजाचा, राज्याचा वा सत्तेचा प्रजाजन किंवा नागरिक होतो त्याच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडतो. अमेरिका पुढे त्याचा पाठपुरावा करत नाही. जुना पासपोर्ट परत केला का, असं ती विचारायला येत नाही. तिथल्या कितीतरी माणसांकडे दोन-दोन नागरिकत्वं आहेत आणि सरकारला ते ठाऊक आहे. चोख कामाला लागतो तो आपला कायदा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं, की भारतीयाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्या घटकेला तो भारताचा नागरिक उरत नाही. अर्ज लागत नाही, नोटीस येत नाही, दिल्लीत कुणी शिक्का मारत नाही. काका सभागृहातल्या खुर्चीवरून उठले भारतीय म्हणून आणि खाली बसले ते परदेशी म्हणून. खिशातला पासपोर्ट दिसायला कालच्यासारखाच होता, पण आता तो वापरणं हा गुन्हा होता. तो वकिलातीकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, ही नंतरची कागदोपत्री उत्तरक्रिया. अशी वाट चालणारे थोडेथोडके नाहीत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ साली २,२५,६२० आणि २०२३ साली २,१६,२१९ लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. दुहेरी नागरिकत्वाला वर्षानुवर्षं नाकं मुरडणाऱ्या जर्मनीनेही २०२४ साली दार उघडलं. आपण अजून उघडलेलं नाही.

आपण दिलं ते ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. त्याच्या नावातच ‘सिटिझन’ आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. तो आहे जन्मभराचा व्हिसा, वर काही सवलती. काका इथे हवं तितकं राहू शकतात, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही, फ्लॅट घेऊ शकतात, बँकेत खातं ठेवू शकतात. शेतजमीन मात्र विकत घेऊ शकत नाहीत. कुंभकोणमकडची वडिलोपार्जित भातशेती वारशाने आली तर ठेवता येते, तिच्या बांधाला लागून असलेली एक गुंठाही जमीन विकत घेता येत नाही. सरकारी नोकरी नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, मतदान नाही. १९ एप्रिल २०२४ ला चेन्नईत लोकसभेचं मतदान झालं तेव्हा काकूंच्या बोटाला शाई होती आणि काका त्यांना केंद्राच्या फाटकापर्यंत पोचवून बाहेर झाडाखाली पेपर वाचत थांबले होते. ‘ड्रायव्हर म्हणून आलोय,’ असं म्हणून हसले. मला ते हसणं पूर्ण हसणं वाटलं नाही, पण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कर हा तर आणखी निराळा मामला. भारताचा आयकर मुख्यतः दिवस मोजतो. वर्षात १८२ दिवस इथे काढले की तुम्ही करापुरते इथले रहिवासी, पासपोर्ट कुठलाही असो. अमेरिका उलट माणूस बघते. तिचा नागरिक जगात कुठेही राहत असो, जगभरच्या कमाईचा हिशेब तिला द्यायचा. ग्रीन कार्डवाल्यांनाही तेच. उस्मान रोडवरच्या बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज काका आणि काकू दोघंही अमेरिकेला कळवतात, आणि परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची वेगळी माहितीही देतात. थोडक्यात, करापासून सुटका म्हणून ग्रीन कार्डावर थांबणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

खरा फरक पडतो तो तुमच्या मागून कोण येऊ शकेल यात. नागरिकाच्या आईवडिलांना रांग नाही, ते थेट पात्र. ग्रीन कार्डधारक आईवडिलांसाठी अर्जच करू शकत नाही; त्याला फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलं. भावंडांसाठीही फक्त नागरिकच अर्ज करू शकतो, आणि भारतीयांची ती रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आणि मुलं? ग्रीन कार्डावर तिथे आईवडिलांपाशी राहणारं अठरा वर्षांखालचं मूल, आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक झाला की आपोआप नागरिक होतं. त्याची ना परीक्षा, ना शपथ. चर्चा स्वयंपाकघरात मोठ्यांची चाललेली असते आणि देश बदलतो तो आत गृहपाठ करणाऱ्या पोराचा.

आज ही निवड आपल्या हातात तरी आहे. शंभर वर्षांपूर्वी ती नव्हती. अमेरिकेत तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच नागरिक होता येई, आणि १९२३ साली नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस ‘गोऱ्या’च्या व्याख्येत बसत नाही असं ठरवलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. मराठी वळणाचं नाव वाचताच आपण कान टवकारतो, जन्म मात्र अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. थिंड हरले आणि सरकार आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थान्यांच्या मागे लागलं. त्यांत पंडितही आले. आता वकील स्वतःच आरोपीच्या जागी. पंडितांनी आपण गोरे आहोत की नाही हा वाद पुन्हा घातलाच नाही. त्यांनी मांडलं ते असं: तुमच्याच न्यायालयाने सगळं डोळ्यांदेखत तपासून मला नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, मी त्या भरवशावर मायदेशातले हक्क सोडले, इथे पेशा उभा केला, इथे लग्न केलं, आता ते काढून घेणं अन्याय आहे. १९२६ साली अपील न्यायालयाने हे मान्य केलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला आणि सरकारने असे उरलेले खटले सोडून दिले. हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाची वाट रीतसर उघडली ती १९४६ मध्ये.

इकडे आपल्या घटनासमितीचीही या विषयाने दमछाक झाली होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी सांगून टाकलं, की एखादा अपवाद वगळता कुठल्याच कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नाही. विदर्भातले पंजाबराव देशमुख उठून म्हणाले की नुसतं इथे जन्मल्याने नागरिकत्व देणं म्हणजे ते फार स्वस्त करणं. अखेर जी कलमं ठरली ती इतकी निकडीची मानली गेली की त्यांच्यासाठी २६ जानेवारीची वाटच पाहिली नाही. ती २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. भारताचे नागरिक भारतीय प्रजासत्ताकापेक्षा दोन महिन्यांनी थोरले आहेत!

त्यांतलं पाचवं कलम टी. नगरातून चालताना मला हटकून आठवतं, कारण इथेच एम. जी. रामचंद्रन यांचं स्मारक-घर आहे. तमिळनाडूचे हे मुख्यमंत्री जन्मले १९१७ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कँडीच्या परिसरात. आईवडील केरळचे. पाचवं कलम म्हणतं, वास्तव्य भारतात असेल आणि आई किंवा वडील भारताच्या भूमीत जन्मले असतील तर तो भारताचा नागरिक. एमजीआर ना कुठल्या रांगेत उभे राहिले, ना त्यांनी फॉर्म भरला. त्याच कँडीच्या आसपास चहाच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या खपणाऱ्या लाखो तमिळ मजुरांचं मात्र भलतंच झालं. सिलोनच्या १९४८ च्या कायद्याने बापाचा, किंवा आजोबा-पणजोबा या दोघांचा जन्म बेटावर झाल्याचा पुरावा मागितला. मळ्यातल्या मजुराच्या बापाचा जन्मदाखला कोण ठेवणार? जन्म तिथला, घाम तिथला, नागरिकत्व कुठलंच नाही.

मग ३० ऑक्टोबर १९६४ ला दोन्ही देशांचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदारनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख माणसं भारत घेणार, तीन लाख सिलोन ठेवणार, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. १९७४ मध्ये तेही निम्मे-निम्मे वाटले. नंतर जन्मणाऱ्या मुलांचाही वाटा मूळ करारातल्या सातास चार या प्रमाणात! माणसांना अर्ज भरून पसंती कळवायला सांगितलं, तर भारतासाठी ठरलेल्या आकड्याइतके अर्ज आलेच नाहीत आणि सिलोनसाठी कितीतरी जास्त आले. ज्यांच्या नावावर भारत पडला ते तलाईमन्नारहून बोटीने रामेश्वरला उतरले. त्यातल्या काहींना तमिळनाडू सरकारने निलगिरीतल्या नव्या चहामळ्यांवर काम दिलं. म्हणजे देश बदलला आणि हातातली पाटी तीच राहिली. जे तिकडे उरले त्यांच्यातल्या बिननागरिकांचा प्रश्न लटकतच राहिला. २००३ साली श्रीलंकेच्या संसदेने कायदा करून तो निकालात काढला. त्यातली अट एकच: भारतीय वंशाचा माणूस ३० ऑक्टोबर १९६४ पासून श्रीलंकेचा कायमचा रहिवासी असला पाहिजे, किंवा अशा रहिवाशाचा वंशज.