तांजिरोचा कोळसा आणि फुजी गुरुजींची विहीर : जपानी नावं ऐकायची की वाचायची?

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लेखी मजकूर. मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. एसटीत रेंज जाते त्यांच्यासाठी.

आज थेट विषयाला हात घालतो. 'डीमन स्लेअर' पाहिलंय ना? हिरोचं नाव तांजिरो. हिंदी डबमध्ये तांजिरो, सबटायटलमध्ये तांजिरो, आपल्या तोंडात तांजिरो. आपल्यासाठी तो फक्त एक आवाज आहे. पण जपानी मुलगा ते नाव कागदावर वाचतो, तेव्हा पहिल्याच अक्षरात त्याला 'कोळसा' दिसतो. वर डोंगराची खूण, खाली आगीची, ते कोळशाचं अक्षर. आणि पोरगा कोण? कोळसा विकणाऱ्या घरातला. आडनाव कामादो, त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे चूल! चुलीच्या घरचा कोळसा. लेखकाने सगळं नावातच सांगून टाकलंय, आणि आपण सव्वीस एपिसोड पाहूनही ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

का पोचत नाही, तर आपली लिपी उच्चाराची आहे. 'सुनील' लिहिलं की सुनील वाचायचं, विषय संपला. त्यामुळे नाव म्हणजे आवाज, असं आपण धरून चालतो. जपानीत नावाला दोन बाजू आहेत, एक आवाज आणि एक लेखन. आणि दोन्ही आईवडील वेगवेगळ्या निवडतात.

जपानीत लिहायच्या तीन तऱ्हा आहेत. हिरागाना आणि काताकाना या उच्चाराच्या लिप्या, साधारण आपल्या बाराखडीसारख्या. तिसरी कांजी. (भाताची कांजी नव्हे!) कांजी अक्षरं चीनमधून आली आणि त्यातलं प्रत्येक अक्षर अर्थ घेऊन येतं. बहुतेक नावं कांजीत लिहितात. नावासाठी कायद्याने चालतील अशी अक्षरं आहेत सुमारे तीन हजार. त्यातलं कोणतंही घ्या.

गंमत अशी की एकच आवाज कितीतरी अक्षरांनी लिहिता येतो. आकिरा हे नाव घ्या. त्यासाठी डझनाहून जास्त कांजी आहेत, कुठे 'लख्ख', कुठे 'स्पष्ट', कुठे 'चमक'. सिनेमावाले आकिरा कुरोसावा आणि 'ड्रॅगन बॉल' काढणारे आकिरा तोरियामा या दोघांचं अक्षर मात्र एकच. ते अक्षर डोळ्यांपुढे आणा. डावीकडे उभा चौकोन, त्यात मधोमध आडवी रेघ, तो सूर्य. त्याच्या उजवीकडे चंद्र. सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी बसवले की झालं 'तेज', वाचायचं आकिरा.

हा सूर्याचा चौकोन लक्षात ठेवा. तो आता आपल्याला वर्ध्याला घेऊन येणार आहे.

मी नालवाडीत राहतो. इथून जवळच, गोपुरीला गीताई मंदिराच्या बाजूला, पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. चारही दिशांना बुद्धाच्या मूर्ती. वर्ध्याच्या पोरांचं सेल्फीचं हे ठरलेलं ठिकाण. हा स्तूप म्हणजे फुजी गुरुजींची इच्छा. जपानी भिक्षू, जन्म १८८५, मृत्यू १९८५, जवळपास शंभर वर्षं. निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक. १९३१ साली ते भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. 'गुरुजी' हे गांधीजींनी म्हटलेलं आणि मग सगळ्यांनी उचललेलं.

आता त्यांचं नाव उघडून बघू. पूर्ण नाव फुजीई निचिदात्सु, जपानी पद्धतीने आडनाव आधी. 'निचि' म्हणजे तोच सूर्याचा चौकोन! 'दात्सु' म्हणजे पोचणं, गाठणं. ॲनिमे पाहणाऱ्यांनी 'तोमोदाची', म्हणजे मित्र, हा शब्द हजारदा ऐकला असेल. त्यातल्या 'दाची'चं अक्षर हेच. एकच अक्षर, एकदा 'दात्सु', एकदा 'दाची'. सूर्याचंही तसंच. निचिदात्सुमध्ये 'निचि', निहोन म्हणजे जपान या शब्दात 'नि', निप्पोनमध्ये 'निप्', आणि सुटं आलं तर 'हि'. वाचणाऱ्याला हे संदर्भानेच कळायचं.

सूर्य इथे हौस म्हणून आलेला नाही. तेराव्या शतकातले भिक्षू निचिरेन यांच्या नावात सूर्य आणि कमळ आहेत. त्यांच्या परंपरेतले कितीतरी भिक्षू आपल्या नावात तो सूर्य घेतात. म्हणजे लिहिलेलं नाव बघितलं की माणूस कुठल्या परंपरेचा ते कळतं. आपल्याकडे आडनावावरून घराण्याचा अंदाज घेतात, तसंच काहीसं. हे सगळं एका चौकोनात असतं, आणि आपण 'निचि' ऐकून पुढे जातो.

आडनावाची तर आपण आणखीच गंमत केली. 'फुजीई'मधला शेवटचा 'ई' गिळला आणि फुजी केलं. मग ऐकणाऱ्याला वाटतं फुजीयामा, तो बर्फाचा डोंगर. त्याचा इथे संबंध नाही. हा 'फुजी' म्हणजे जांभळ्या फुलांचे घोस लोंबणारी एक वेल. आणि गिळलेला 'ई' म्हणजे विहीर. हे विहिरीचं अक्षर हुबेहूब हॅशटॅगसारखं दिसतं, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. वेलीपाशी विहीर. इतकं देखणं आडनाव, आणि आपण विहीरच बुजवून टाकली.

आता नागपूर. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचं नाव विदर्भात कोणाला सांगायला नको. दीक्षाभूमी म्हटलं की ते आठवतात. १९३५ साली जपानच्या ओकायामा भागात जन्म, १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरला राहिले, १९८८ मध्ये भारताचे नागरिक झाले. पेपरात कधी 'सुरेई', कधी 'सुरई' छापतात. जपानीत ते आहे 'शूरेइ'. 'शू' म्हणजे उत्तम, सगळ्यांत वरचढ. 'रेइ' म्हणजे डोंगराचा कडा, शिखर. उत्तम शिखर! यातला 'शू' लिहून दाखवला तर जपानी माणूस लगेच म्हणेल, अरे हा तर हिदेयोशीमधला 'हिदे'. तोयोतोमी हिदेयोशी, सोळाव्या शतकातला त्यांचा मोठा सेनापती. १९४९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले हिदेकी युकावा, त्यांचाही पहिला 'हिदे' तोच. अक्षर एक, वाचन एकदा 'शू', एकदा 'हिदे'. (मराठीत 'शूरेई' लिहिलं असतं तर आपल्याला त्यात 'शूर' ऐकू आला असता. अर्थ वेगळा, पण वाईट नव्हता.)

आणि 'ससाई'? तीन अक्षरं. पहिलं 'सा', मदत करणं. दुसरं अक्षर म्हणजे अक्षरच नाही, ती 'मागचंच पुन्हा वाचा' अशी खूण आहे. आपल्या जुन्या लिखाणात शब्दापुढे नुसता दोनचा आकडा काढून तो शब्द दोनदा वाचायला सांगत, तीच आयडिया. आणि तिसरं अक्षर ओळखा? हॅशटॅग! तीच विहीर. वर्ध्याच्या स्तूपामागचे फुजीई आणि नागपूरचे ससाई, दोघांच्या आडनावाच्या शेवटी एकच अक्षर आहे. देवनागरीत ते कोणाला दिसणार? मला स्वतःला ही गोष्ट सापडली तेव्हा मी दोनदा तपासली.

तिसरा माणूस सेवाग्रामचा. आश्रमात एक जपानी भिक्षू राहायचे, त्यांना सगळे 'केशव' म्हणत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्यांना आश्रमातून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं, त्यात या सहकाऱ्याची आठवण आहे. ते गेले, त्यांची प्रार्थना आणि छोटा ढोल मागे राहिला. तीच ती 'नम्यो हो रेंगे क्यो', सर्वधर्म प्रार्थनेत म्हणतात ती. पण वर्ध्याच्या तोंडी तो माणूस केशवच राहिला.

मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. नालवाडीत १९३२ पासून १९३८ पर्यंत राहिलेल्या विनायक नरहरी भावे यांनाही 'विनोबा' हे नाव गांधीजींकडूनच मिळालं. प्रेमाने नाव ठेवायची इथली रीतच होती. फरक एवढाच, की विनायकचं विनोबा झालं तरी 'विनायक' पुस्तकात सापडतो. केशव झालेल्या माणसाचं नाव आवाजानेही गेलं आणि अक्षरानेही.

आता उलटा प्रवास बघा, कारण नावं फक्त तिकडून इकडे आली नाहीत. त्या प्रार्थनेतला 'नमु' जपानीतून आला असं वाटतं, पण तो मुळात आपलाच 'नमो'. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला गेला, तिथून जपानला. लिहायला कांजी हवी, म्हणून आवाजाला जुळणारी दोन अक्षरं चिकटवली. त्यांचे सुटे अर्थ 'दक्षिण' आणि 'नाही'! अर्थाशी काही घेणंदेणं नाही, फक्त आवाज. पुढचं 'म्योहो रेंगे क्यो' म्हणजे आपलं सद्धर्मपुंडरीक सूत्र. त्यातला 'रेन' म्हणजे कमळ. आणि 'रेन' हे आज जपानमध्ये मुलांचं खूप चालणारं नाव आहे, कमळाच्या त्याच अक्षराने लिहिलेलं. म्हणजे आपले पंकज, राजीव आणि त्यांचा रेन, तिघांचा अर्थ एकच.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे सगळं माझ्याकडे तक्रार बनून येतं. जपानी फॉर्मवर नावाचे चार रकाने असतात, आडनाव आणि नाव कांजीत, मग तीच दोन्ही उच्चाराच्या लिपीत. त्या उच्चाराला 'फुरिगाना' म्हणतात. आपल्याकडचा नवा इंजिनिअर पहिल्यांदा विचारतोच, 'काऊन बे, एकच नाव दोनदा कायले?' कारण कांजी बघून उच्चार नक्की सांगता येत नाही, आणि उच्चार ऐकून कांजी सांगता येत नाही. यादी लावायची ती उच्चारावर, माणूस ओळखायचा तो अक्षरावर. एक रकाना उडवला की दोन वेगळ्या आकिरांची खाती एकमेकांत मिसळू शकतात. बँकेत किंवा दवाखान्यात असं झालं तर काय होईल, विचार करा.

आणखी नवल पुढे आहे. जपानमध्ये प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही असते, 'कोसेकी'. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्यात. पण त्या वहीत नावाचा उच्चार लिहिलेलाच नसायचा! फक्त अक्षरं. २६ मे २०२५ पासून कायदा बदलला आणि आता उच्चाराचीही नोंद होते. सरकारने लोकांना पत्रं पाठवून विचारलं, तुमचं नाव असंच वाचायचं ना? चूक असेल तर कळवायला वर्षभराची मुदत दिली. नवीन बाळांसाठी नियम असा, की उच्चार अक्षरांशी जुळायला हवा, उगाच काहीही नाही.

तुमच्याही फोनमध्ये याचा पुरावा आहे. कॉन्टॅक्टमध्ये नाव सेव्ह करताना आणखी रकाने उघडा, 'फोनेटिक नाव' असा एक सापडेल. आपण त्याला कधी हात लावत नाही. तो असल्या नावांसाठी आहे.

आणि आपली नावं तिकडे गेली की? ती काताकानात जातात, म्हणजे फक्त आवाज, तोही त्यांच्या बाराखडीत मावेल तेवढा. 'ल' नाही, 'ळ' तर नाहीच, दोन्हींचा 'र' होतो. जोडाक्षर फुटतं. कृष्णा होतो 'कुरिशुना'. काळे होतात 'कारे', आणि करीला, म्हणजे भातावरच्या रश्श्याला, ते 'कारे'च म्हणतात. नालवाडी होते 'नारुवादी'. त्यातला 'नारु' म्हणजे अगदी नारुतोमधला! माझ्या गावाला मिळालेला हा सन्मान मी आनंदाने घेतलाय.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला गेलात तर नोरिको ओगावा हे नाव ऐकाल. त्यांच्या मदतीने ते मंदिर उभं राहिलं. नोरिको ऐकलं की आता थांबा. शेवटचा 'को' म्हणजे मूल, बऱ्याच बायकांच्या नावात असतो. पण 'नोरि' कितीतरी अक्षरांनी लिहितात, कुठे नियम, कुठे धर्म, कुठे आदर्श. मराठीत सगळ्या नोरिको सारख्याच.

ऑफिसात किंवा स्तूपावर जपानी माणूस भेटला तर विचारायचं एक वाक्य देतो. 'ओनामाए वा दोन्ना कांजी देसु का?' म्हणजे, तुमचं नाव कोणत्या कांजीत लिहितात? नावापुढे 'सान' लावा. आपल्याकडे सान म्हणजे लहान, तिकडे मान. उत्तर देताना ते बहुतेक हवेत किंवा तळहातावर बोट फिरवतात, आणि ओळखीच्या शब्दांनी अक्षर सांगतात, 'हिदेयोशीमधला हिदे', 'तोमोदाचीमधला दाची', असं. तेव्हा तळहाताकडे बघा. चौकोनात आडवी रेघ निघाली तर सूर्य. हॅशटॅग निघाला तर विहीर.