एका गणित-शिक्षिकेची संगणकसेवा आणि आपले शालेय दप्तर

शाळेत संगणक आला म्हणजे शिक्षकाच्या अंगी अगदी नवी विद्या यावी लागते, असा समज अनेक शिक्षकबंधु-भगिनींच्या मनात दृढ झालेला दिसतो. कोणती कळ केव्हा दाबावी हे शिकावे लागते, हे खरेच. परंतु यंत्रावर केलेले काम विश्वसनीय ठरते, ते कळांच्या माहितीमुळे नव्हे, तर काम करणाराच्या सवयींमुळे. आणि या सवयी शिक्षकाच्या व्यवसायाला मुळीच परक्या नाहीत. हे स्पष्ट व्हावे म्हणून संगणकाच्या प्रारंभकाळातील एका विदुषीच्या कार्याचा परिचय येथे करून दिला आहे, आणि त्या अनुषंगाने शाळेच्या नित्य कामासाठी काही सूचना मांडल्या आहेत.

ग्रेस हॉपर यांचा जन्म १९०६ साली न्यूयॉर्क येथे झाला. १९३१ पासून त्या व्हॅसर महाविद्यालयात गणित शिकवीत असत. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकेच्या आरमारात दाखल झाल्या आणि १९४४ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या गणनयंत्रावर त्यांची नेमणूक झाली. हे यंत्र ५१ फूट लांब होते. कागदी फितीवर छिद्रे पाडून त्यास आज्ञा द्याव्या लागत आणि ते सेकंदाला सुमारे तीन बेरजा करीत असे. हॉपरबाई काम करता करताच ते शिकल्या, आणि दुसऱ्यासही शिकता यावे म्हणून त्या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका त्यांनी सिद्ध केली. ती १९४६ साली प्रसिद्ध झाली.

१. दोषाची नोंद. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क टू’ हे पुढील यंत्र नीट चालेना. शोध घेता एका विद्युत्-कळीत पतंग अडकलेला आढळला. काम करणारांनी तो नुसता काढून टाकला नाही. नोंदवहीत चिकटविला आणि वेळेसह त्याखाली नोंद केली. ही वही वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. यंत्रातील दोषास ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात त्यापूर्वीचा होय. पण हॉपरबाई ही हकीकत आवडीने सांगत, त्यामुळे ती सर्वतोमुखी झाली.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. ‘संगणक बंद पडला’ एवढे सांगितल्याने दुरुस्ती करणारास काहीच कळत नाही. यास्तव संगणकाजवळ एक वही ठेवावी. बिघाडाची तारीख, वेळ, त्यापूर्वी आपण काय करीत होतो आणि पडद्यावर कोणते शब्द उमटले, एवढे त्यात लिहावे. तोच दोष पुन्हा उद्भवल्यास जुनी नोंदच पुष्कळदा उपाय दाखविते.

२. पुन्हा नक्कल नको. त्या काळी एकदा तपासलेले आज्ञांचे गट वहीत उतरवून ठेवीत आणि नव्या कामाच्या वेळी हाताने पुन्हा लिहून घेत. यात चुका हटकून होत. बुद्धिमान माणसेदेखील नक्कल करताना चुकतात, हे हॉपरबाईंनी ओळखले आणि हे काम यंत्राकडेच सोपविण्याचे ठरविले. तपासलेल्या गटांना क्रमांक द्यावयाचे आणि त्या क्रमांकांवरून यंत्राने ते स्वतः जुळवून घ्यावयाचे, अशी त्यांची ‘ए-झीरो’ नावाची योजना १९५२ साली तयार झाली.

आपल्या शाळांत ही गोष्ट फार मोलाची आहे. विद्यार्थ्यांची तीच यादी हजेरीसाठी, शिष्यवृत्तीसाठी व परीक्षेसाठी दरवेळी नव्याने टंकलिखित केली, तर एकाच मुलाचे नाव एके ठिकाणी ‘लक्ष्मण’, दुसरीकडे ‘लक्षमण’ आणि तिसरीकडे ‘लछमन’ असे होते. शिक्षकाला ही किरकोळ चूक वाटते. पण पुढे दाखला, बँकेचे खाते व आधारपत्र यांतील नावे जुळली नाहीत म्हणजे त्या मुलाच्या पालकाला मजुरी बुडवून कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. म्हणून दाखलखारीज रजिस्टरावरून एकच मूळ यादी तयार करावी. एकाने नाव व जन्मतारीख मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर पडताळावी. त्यानंतर प्रत्येक कामासाठी त्याच यादीची प्रत घ्यावी. दुरुस्ती करणे झाल्यास ती प्रथम मूळ यादीत करावी.

३. माणसाला समजणारी नावे. यंत्राला आज्ञा देताना केवळ चिन्हे न वापरता नित्याचे इंग्रजी शब्द वापरता यावेत, असा हॉपरबाईंचा आग्रह होता. हे शक्य नाही असे त्यांना सांगण्यात आले. तरी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखविले. १९५९ साली ज्या ‘कोबोल’ भाषेची आखणी सुरू झाली, तिला या कामाचा मोठा आधार मिळाला.

आपणही फाइलीस ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशी नावे देऊ नयेत. ‘२०२५-०६ इयत्ता ४ हजेरी’ असे नाव द्यावे. प्रथम वर्ष, मग महिना लिहिल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. आपली बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकास काहीही न विचारता हवी ती फाइल सापडली, म्हणजे आपले दप्तर नीट होते असे समजावे.

४. युनिकोड मराठी. जुन्या पद्धतीच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची केवळ चित्रे बसविलेली असतात. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर सारा मजकूर निरर्थक चिन्हांत दिसतो. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक आहे. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा तीत समावेश आहे. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. त्यात डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असल्याने वर्णमाला जाणणारास तो लवकर साधतो. जुना मजकूर रूपांतरित करून घेतल्यास जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांखालून अवश्य घालावेत.

५. दुसरी प्रत. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती संगणकापासून दूर, कपाटात ठेवावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी; न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

हॉपरबाई यंत्राजवळ गेल्या तरी त्यांच्यातील शिक्षिका मावळली नाही. एका सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे किती, हे समजावून देण्यासाठी त्या श्रोत्यांना तारेचे तुकडे वाटीत. प्रत्येक तुकडा ११.८ इंच लांब असे. तेवढ्या काळात प्रकाश अधिकात अधिक तेवढेच अंतर तोडू शकतो. आपल्या फूटपट्टीहून किंचित आखूड अशा दोऱ्याने हाच पाठ पाचवीच्या वर्गातही घेता येईल. असे हजार दोरे जोडले तर सुमारे ३०० मीटर होतात. तो सेकंदाचा दशलक्षावा भाग होय. मुलांनी हे अंतर शाळेच्या रस्त्यावर पावलांनी मोजावे.

‘आजवर असेच चालत आले’ हे उत्तर त्यांना मान्य नसे. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट्या दिशेने फिरत, आणि तरीही वेळ बरोबर वाचता येई. १९८६ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, त्या आरमारातून निवृत्त झाल्या, आणि त्यानंतरही व्याख्याने देत राहिल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले. आपले वय झाले, आता संगणक तरुण सहकाऱ्यांनी पाहावा, असे म्हणणाऱ्या आपल्यांतील वडीलधाऱ्यांनी या चरित्राचा अवश्य विचार करावा. तरुणाची बोटे कळफलकावर चपळ चालतील. परंतु कोणत्या मुलाचे खरे नाव काय व ते कोठे तपासावे, हे जुन्या शिक्षकासच अधिक ठाऊक असते. दोघांनी एकत्र बसावे, हेच श्रेयस्कर.

तरी प्रत्येक शाळेने पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेपूर्वी निदान एका इयत्तेची मूळ यादी वर सांगितल्याप्रमाणे वाचून, पडताळून तयार करावी, आणि तपासणी करताना आढळलेल्या चुकांची नोंद सोबत आणावी.