घरबसल्या पदवी : स्वस्त खरी, पण किती मोलाची?

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाचे कॉलेज ठरलेले असते. मुलीबद्दल मात्र कोणीतरी सुचवते, "हिला बाहेरून बी. ए. करू द्या. खर्च कमी, जाण्या-येण्याची दगदग नाही आणि स्थळ आले की अडणारही नाही." अब्बांना हायसे वाटते, अम्मी मान डोलावते. मुलीला काय वाटते, हे बहुधा कोणी विचारत नाही.

अशा पदवीला किंमत असते का? असते. मुक्त विद्यापीठाची स्थापना नाशिकला 1989 मध्ये झाली. ज्यांचे नाव त्याला दिले, ते यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रे गावचे. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आपल्याच भागातील महाविद्यालयांत आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही दूरशिक्षणाची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. तिच्यावर स्पर्धा परीक्षा देता येतात, पुढे एम. ए. करता येते.

मात्र 'मान्यताप्राप्त' हा शब्द नीट तपासा. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचे नाव, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे वर्ष, तिन्ही जुळले पाहिजेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या घरबसल्या मिळत नाहीत. काही अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले, तेव्हा नोकरीत असलेल्यांचीही झोप उडाली. "सहा महिन्यांत पदवी" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच सलाम करा. फी विद्यापीठाच्याच खात्यात भरा आणि पावती जपून ठेवा.

हे झाले कागदाचे. शिक्षणाचे मोल मात्र स्वतःच कमवावे लागते. पुस्तके घरी येतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत कपाटातच राहतात, असे अनेक घरांत होते. रोज दीड-दोन तास ठरवून वाचणे, केंद्रावरचे संपर्कवर्ग न चुकवणे आणि जोडीला टॅली, इंग्रजी किंवा टायपिंगसारखे एखादे कौशल्य शिकणे, एवढे केले तर ही पदवी बोलू लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच मातीत 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. मिरजेत दिवसभर सतारीच्या कारखान्यात काम करणारा मुलगा, निकाहनंतर शिक्षण सुटलेली दोन लेकरांची आई, गाळ्यावर बसून घर चालवणारा थोरला भाऊ, यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ ही नेमकी तीच वाट आहे. त्यांनी ती जरूर धरावी, वयाची लाज बाळगू नये.

पण जिला रोज कॉलेजला जाणे शक्य आहे, तिला केवळ घरात ठेवण्यासाठी हा मार्ग दाखवत असू, तर ती बचत नव्हे. कॉलेजात प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असते, प्रश्न विचारायला प्राध्यापक असतात आणि चारचौघांत बोलण्याचे धाडस येते. हे टपालाने येत नाही. पैशांचेच कारण असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने माफ केली आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे. आपल्यातील बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

इल्म हासील करणे फर्ज आहे, हे आपण मजलिसीत अभिमानाने सांगतो. त्या फर्जात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. तेव्हा यंदा अर्ज भरण्यापूर्वी लेकीला समोर बसवा आणि विचारा, "बेटा, तुला काय शिकायचंय?" तिचे उत्तर मुक्त विद्यापीठ असेल तर बिस्मिल्लाह करा. कॉलेज असेल तर एसटीचा पास काढून द्या.