प्रजा, प्रोजेनी आणि पाठांतर

माजिवडा नाक्यावर मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. जुने गावठाण आणि नव्या उंच इमारती इथे एकमेकांना खेटून आहेत. दोन्हीकडची तरुण मुले सकाळी ठाणे स्टेशनची बस धरतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला स्टाफ सिलेक्शनची, तर कुणाला जीआरई देऊन परदेशी शिकायला जायचे असते. कुणी मराठी माध्यमातले, कुणी सेमी-इंग्रजीतले, कुणी इंग्रजी माध्यमातले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले, त्यामुळे बोलण्यापुरती भाषा बहुतेकांना जमते. पण इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख हाती घेतला की दुसऱ्याच परिच्छेदात गाडी अडते.

यावर बाजारात हमखास मिळणारा उपाय म्हणजे शब्दयादी. बॅरन्स प्रकाशनाची साडेतीन हजार शब्दांची यादी जीआरईच्या उमेदवारांनी वर्षानुवर्षे घोकली. यादी वर्णानुक्रमे असते. त्यामुळे ‘अबेट’, ‘अ‍ॅबरेशन’, ‘अब्स्टीमियस’ पाठ होतात आणि पुढे उत्साह आटतो. याला मुलांचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, पाठ केलेल्या अर्थहीन अक्षरांतला मोठा भाग एका दिवसात विसरला जातो. संदर्भावाचून घोकलेला परका शब्दही जवळजवळ तसाच असतो. जीआरईने ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाधर्म्याचे प्रश्न काढून टाकले आणि वाक्याच्या संदर्भात शब्द ओळखण्यावर भर दिला. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत मात्र समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आजही विचारले जातात, म्हणून यादी काही सुटत नाही.

यादी घ्यायचीच, तर कोणती? न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र फारशी मदत न घेता वाचायला सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कूळ) माहीत असावी लागतात. आकडा मोठा आहे, पण वाचता वाचता गाठता येतो. त्याआधीची पायरी त्याच देशातल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तयार करून ठेवली आहे. त्यांच्या यादीत अवघी ५७० शब्दकुळे आहेत आणि अभ्यासाच्या पुस्तकांतल्या साधारण दर दहा शब्दांमागे एक त्यांतला असतो. ‘हायपॉथेसिस’, ‘अ‍ॅम्बिग्युअस’, ‘कोहेरंट’ ही त्यांतलीच. ज्याला हे शब्द नीट वापरता येत नाहीत, त्याने ‘प्युसिलॅनिमस’सारख्या दुर्मीळ शब्दाच्या मागे लागू नये.

मराठी मुलाच्या हाती याहून मोठे साधन असते आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. ‘आहार’, ‘विहार’, ‘प्रहार’, ‘संहार’, ‘परिहार’ हे शब्द त्याला वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. धातू एकच, ‘हृ’. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, हे तो व्याकरणाच्या तासाला शिकलेला असतो. इंग्रजीतल्या वरच्या इयत्तेच्या शब्दांपैकी फार मोठा वाटा लॅटिन आणि ग्रीकमधून आला आहे आणि त्यांची घडण अगदी अशीच आहे. ‘पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’, ‘सर्कमस्पेक्ट’ तयार झाले. ‘सर्कम’ म्हणजे सभोवार. म्हणून ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध.

हे साम्य केवळ घडणीपुरते नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्या नात्याच्या खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘इन्स्पेक्ट’मधला धातू आणि आपल्या ‘स्पष्ट’मधला ‘स्पश्’ एकाच मुळातले. ‘सीक्वेल’ आणि ‘कॉन्सिक्वेन्स’मध्ये मागोमाग जाण्याचा जो धातू आहे, त्याचा संस्कृत भाऊ ‘सच्’. त्यावरूनच ‘सचिव’ आला. हे एकदा कळले की ‘ऑब्सीक्वियस’ अवघड राहत नाही: जो सतत मागे मागे करतो तो, म्हणजेच हांजी हांजी करणारा. ‘इग्नॉमिनी’मध्ये ‘नाम’ दडलेले आहे आणि त्याच्या आधी नकार आहे. मराठीत आपण ‘नाव घालवले’ म्हणतो तेच. ‘प्रोजेनी’ तर थेट ‘प्रजा’. उपसर्गही जुळतो आणि ‘जन्’ धातूही.

मात्र उच्चार सारखा दिसला की नाते असतेच असे नाही. ‘थिऑलॉजी’मधला ग्रीक ‘थिओस’ आणि आपला ‘देव’ यांचा संबंध नाही. ‘देव’चा खरा नातलग आहे लॅटिनमधला ‘देउस’, ज्यावरून ‘डीटी’ हा शब्द आला. म्हणून व्युत्पत्तिकोश उघडून खात्री करून घ्यावी. हे कोश आता फोनवर फुकट पाहता येतात.

मूळ कळले तरी शब्दाची छटा वापरातूनच कळते. ‘फ्रुगल’ आणि ‘स्टिंजी’ यांचा अर्थ वहीत ‘कमी खर्च करणारा’ असाच लिहिला जातो. पण पहिला काटकसरी आहे आणि दुसरा चिक्कू. ‘डिसइंटरेस्टेड’चा अर्थ ‘रस नसलेला’ असा धरला, तर ‘डिसइंटरेस्टेड जज’ म्हणजे कंटाळलेला न्यायाधीश ठरेल. खरे तर तो निःपक्षपाती न्यायाधीश. एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द लिहिण्याची सवय अशी घात करते. जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी शास्त्र्यांच्या मदतीने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात एकेका मराठी शब्दापुढे अनेक इंग्रजी पर्याय आणि वापराची उदाहरणे सापडतात. ‘चिकट’, ‘लबाड’, ‘भाबडा’ असे ओळखीचे शब्द त्यात काढून पाहावेत; आपल्याच शब्दातून इंग्रजीकडे जाण्याचा तो उत्तम रस्ता आहे.

अभ्यासाची रीत साधी आहे. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला फक्त शब्द लिहायचा, समजा ‘मेटिक्युलस’. मागे चार ओळी: अर्थ, म्हणजे बारकाव्यांची अतिशय काळजी घेणारा, मूळ, म्हणजे भीती या अर्थाचा लॅटिन शब्द, सोबत येणारे शब्द, जसे ‘मेटिक्युलस प्लॅनिंग’, आणि शेवटी स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल स्वतः रचलेले एक वाक्य. मागची बाजू पाहण्याआधी अर्थ आठवायचा. आठवला तर तो पत्ता पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात; नाही आठवला तर पुन्हा रोजच्या कप्प्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली ही पद्धत आज अनेक मोबाइल अ‍ॅप्समध्येही आहे. डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये उभ्याने एवढे सहज होते.

बाकी काम वाचनाचे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून. वाचायची सवय तिथे लागली की ती एका भाषेपुरती थांबत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांना यासाठी नवा खर्च करायची गरज नाही. इंग्रजीच्या बाईंनी आणि संस्कृत किंवा मराठीच्या सरांनी आठवड्यातला एक तास एकत्र घ्यावा, फळ्यावर डावीकडे ‘प्रजा’ आणि उजवीकडे ‘प्रोजेनी’ लिहावे आणि पुढचे शब्द मुलांना शोधू द्यावेत. येत्या जूनपासून निदान आठवीच्या एका तुकडीत तरी हे करून पाहावे.